कॉम्प्युटरसाठी खोकं शोधण्याआधी जागा शोधा



मागच्या रविवारच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक जण माझ्याजवळ आला. फर्निचरचं वर्कशॉप टाकतोय. शेड ठरलीय, पॅनल सॉची ऑर्डर दिलीय, बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट गेलाय. म्हणाला, "ताई, बाकी सगळं झालं. फक्त एक सांगा, मशीनजवळ कॉम्प्युटर ठेवायचाय. धुळीपासून वाचवायला कुठलं खोकं घेऊ? लिंक असेल तर पाठवा."

लिंक मी पाठवली नाही. त्याला जरा राग आला असावा, कारण नंतर तो चहा न घेताच जागेवर जाऊन बसला. पण माझं मत स्पष्ट आहे. खोकं हा या विषयातला चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, कॉम्प्युटर तिथे हवाच कशाला? दुसरा, एवढी धूळ उडतेय कशी? तिसरा, उद्या सकाळी तो सुरूच झाला नाही तर तुमचं नेमकं काय काय जाणार? या तिघांची उत्तरं मिळाली की बहुतेकांना खोक्याची गरजच राहत नाही. व्हिडिओत मी हे सात मिनिटांत उरकलं. इथे सविस्तर लिहितेय, कारण यात माझी स्वतःची फजिती आहे आणि ती कॅमेऱ्यासमोर सांगताना मी बराच भाग गाळला.

आमचं दुकान सांगलीला, कुपवाड रोडला. पप्पा मूळचे सुतार. चौकटी, दारं, कपाटं, देव्हारे, सगळं सागवानात. मी बीबीए करून दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०१६ ला परत आले. मॉड्युलर किचनचं काम सुरू करायचं हा माझा हट्ट. त्यासाठी पॅनल सॉ आला, एज बँडर आला, आणि कॉम्प्युटर आला. चौतीस हजारांचा सेट. तो मी ठेवला कुठे, तर पॅनल सॉपासून आठ फुटांवर, भिंतीला लावलेल्या टेबलावर. कारण काय? तर मिस्त्रींना कटलिस्ट स्क्रीनवर दिसावी. खरं कारण सांगू? गिऱ्हाईक शेडमध्ये शिरलं की समोर कॉम्प्युटरवर किचनचं थ्रीडी चित्र दिसलं पाहिजे, म्हणजे आपण साधे सुतार नाही, 'कंपनी' आहोत असं वाटतं. तेव्हा मी पंचविशीच्या आसपास होते. जाऊ द्या.

आठ महिन्यांत तो दुपारी बंद पडायला लागला. सकाळी नीट चालायचा, बारा-एकला आवाज वाढायचा आणि मग खटकन बंद. मी दुकानदाराशी भांडले. डुप्लिकेट माल दिला म्हणाले. त्याने मुलगा पाठवला. मुलाने कॅबिनेटचं पान उघडलं आणि हसायलाच लागला. "ताई, यात उशी भरलीय." खरंच. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये एमडीएफच्या भुकटीचा घट्ट थर बसला होता. नखाने काढला तर गादीतल्या कापसासारखा तुकडाच निघाला.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. साध्या कॅबिनेटमध्ये मागे एक पंखा असतो, शिवाय एसएमपीएसचा एक. दोघंही हवा बाहेर फेकतात. बाहेर गेली तेवढी हवा आत यायलाच पाहिजे, ती मग प्रत्येक फटीतून, पेनड्राईव्हच्या खाचेतून, सीडीच्या दारातून आत ओढली जाते. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर हा दिवसभर चालणारा छोटा व्हॅक्यूम क्लीनर आहे. फरक एवढाच, की त्याची पिशवी त्याच्या पोटात असते आणि ती कुणी रिकामी करत नाही. पापुद्रे बुजले की उष्णता अडकते. बहुतेक प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की आधी आपला वेग कमी करतात, तरी तापत राहिले तर स्वतःला वाचवायला बंद पडतात. आपण म्हणतो 'हँग होतोय', 'व्हायरस आलाय'. व्हायरस नसतो, भुसा असतो.

आणि सगळा भुसा सारखा नाही. रंध्याची ढलपी कॉम्प्युटरला काही करत नाही, ती जमिनीवर पडते. पॅनल सॉने एमडीएफ कापलं किंवा सँडर फिरवला की जी पिठासारखी भुकटी उडते, ती खरी वाईट. त्यातले काही मायक्रॉनचे कण तासन्‌तास हवेत तरंगतात. मशीन बंद करून सगळे जेवायला बसले तरी कॉम्प्युटर ती ओढत असतो. पावसाळ्यात हीच भुकटी ओलावा धरते आणि आत लगदा होऊन बसते. मग रॅमचे पॉइंट, पोर्टचे पॉइंट काळे पडतात. आमच्याकडे जुलैत कीबोर्डची पाच बटणं एकाच वेळी बसली होती.

तर उशी काढली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि मी पप्पांना म्हटलं, याला काहीतरी संरक्षण पाहिजे. पप्पा म्हणाले, "त्यात काय एवढं. आपण पेटीच करू."

पेटी कशी केली म्हणाल तर बघत राहावी. अठरा एमएमचा प्लाय, बाहेरून सनमायका, कडेला सागाची पट्टी, पुढे काचेचं दार, दाराला फेल्ट, जेणेकरून धुळीचा कण आत जाऊ नये. वायरींसाठी मागे भोकं, त्यांना रबर. पप्पांनी दोन रविवार घातले त्यात. गिऱ्हाईकं विचारायची, अशी एक आम्हाला टीव्ही युनिटला करून द्या. धूळ आत जाणं जवळजवळ थांबलं, हे खरं. पण उष्णता बाहेर जाणंही थांबलं. लाकूड हे उष्णतेच्या बाबतीत घोंगडीसारखं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलला बाहेर चाळीस, आत त्याहून जास्त, आणि पेटीच्या आत कॉम्प्युटर स्वतःचीच गरम हवा पुन्हापुन्हा खातोय. मग दुपारी आम्ही काचेचं दार उघडं ठेवायला लागलो. म्हणजे पेटी असून नसल्यासारखी, वर गरमही आणि वर धूळही.

मे २०१८ मध्ये हार्ड डिस्क गेली. जुन्या पद्धतीची फिरती डिस्क होती. उष्णतेने गेली, वीज गेल्या-आल्याने गेली की वयाने, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण गेली.

आता यात गेलं काय ते ऐका. डिस्क नवीन बसवली, खर्च साडेतीन हजार. पण तिच्यावर एका बंगल्याच्या किचनची आणि तीन वॉर्डरोबची डिझाईन होती, कटलिस्ट अर्धी कापून झालेली, आणि वास्तुशांतीची तारीख नऊ दिवसांवर. साईटवर जाऊन पुन्हा मापं घेतली, दोन रात्री जागून डिझाईन पुन्हा केलं, तरी दोन शटर चुकीच्या मापाची निघाली. टॅलीचा एप्रिलपासूनचा डेटा गेला. जीएसटी लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, आमचं आधीच सगळं धडपडत चाललेलं. बिलबुकाच्या कार्बन कॉपी, व्हॉट्सॲपवरचे फोटो, बँकेचं पासबुक असं जुळवत अकरा दिवस गेले. आणि जुन्या गिऱ्हाईकांच्या कामांची मापं? ती गेली ती गेलीच. आजही कुणी जुनं गिऱ्हाईक ड्रॉवर बदलायला येतं तेव्हा मी टेप घेऊन त्याच्या घरी जाते आणि मनात त्या पेटीची आठवण येते.

आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, साध्या मशिनरीवर १५ टक्के. म्हणजे सरकारलाही माहीत आहे की कॉम्प्युटर ही पटकन मरणारी वस्तू आहे. मरणाऱ्या वस्तूला पेटी करण्यात मी दोन रविवार घालवले आणि न मरणाऱ्या गोष्टीची, म्हणजे डेटाची, एक पेनड्राईव्हवरसुद्धा कॉपी ठेवली नव्हती. बीबीए झालेल्या मुलीने!

तर आता पहिला प्रश्न. मशीनजवळ कॉम्प्युटर कशाला हवाय?

माझ्या अनुभवात दहातल्या आठ वर्कशॉपना नकोय. मिस्त्रींना कटलिस्ट पाहिजे, कॉम्प्युटर नाही. कटलिस्टची प्रिंट काढा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला, मशीनच्या बाजूला क्लिपला अडकवा. कागदाला पंखा नसतो. आणि कागदावर मिस्त्री पेन्सिलने टिक करत जातात, कुठला पीस कापला, कुठला राहिला, ते स्क्रीनवर कुणी करत नाही. थ्रीडी चित्र दाखवायचं तर जुना टॅब किंवा मोबाईल भिंतीला लावा. त्यालाही पंखा नसतो, फक्त चार्जिंगच्या भोकात भुकटी जाते, तेवढं सांभाळा. सीएनसी राऊटर घेतलात आणि त्याला हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर असेल, तर प्रोग्रॅम पेनड्राईव्हवरून जातो. डिझाईन घरी बसून करा, पेनड्राईव्ह खिशात घालून आणा.

लगेच कुणीतरी म्हणतं, "ताई, आमचा दहा बाय वीसचा गाळा आहे, वेगळं ऑफिस कुठून आणू?" घरी ठेवा ना! यात कमीपणा कसला? कोटेशन, बिलं, डिझाईन ही कामं तशीही संध्याकाळनंतरच होतात. पहिली दोन वर्षं गाळ्यात कॉम्प्युटर नसला तर काही बिघडत नाही. गिऱ्हाईकावर छाप पाडायची असेल तर शटरची फिनिशिंग दाखवा.

गाळा जरा मोठा असेल आणि स्क्रीन मशीनजवळ हवीच असेल, तर कॅबिनेट भिंतीपलीकडे ठेवा आणि फक्त वायरी इकडे आणा. हे आम्ही शेवटी केलं आणि एवढं सोपं होतं की स्वतःचाच राग आला. ऑफिसच्या भिंतीला दोन इंचाचं भोक, त्यातून एचडीएमआयची केबल आणि यूएसबीची. यूएसबी साधी केबल पाच मीटरपर्यंत नीट चालते, कीबोर्ड-माऊसला तेवढी पुरते. एचडीएमआय पंधरा-वीस फूट आरामात जाते. जास्त लांब न्यायचं असेल तर दोन कॉम्प्युटर लॅन केबलने जोडा, ती शंभर मीटरपर्यंत चालते. भोक फोमने बुजवा. शेडमध्ये उरतो फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. मॉनिटरला पंखा नसतो, रोज ओलसर फडक्याने पुसा. कीबोर्ड साडेतीनशे-चारशेचा घ्या, वर सिलिकॉनचं कव्हर घाला, आणि वर्षाला एक जाणार हे धरूनच चाला, जसे आपण पॉलिश पेपर धरतो. महागडा कीबोर्ड शेडमध्ये ठेवणं म्हणजे पांढरा सदरा घालून भिंत रंगवणं.

लॅपटॉपचं विचारूच नका. लॅपटॉप सगळ्यात वाईट. पातळ असतो म्हणून आतले पापुद्रे अजून बारीक, हवा खालून ओढतो, आणि तो आपण ठेवतो कशावर, तर कटिंग टेबलावर, भुशात. कीबोर्ड गेला तर दोन-तीन हजार रुपये.

ठेवायचाच असेल तर

काही जणांची खरी अडचण असते. तुमच्या सीएनसीचा कंट्रोल कार्डवर चालत असेल, एनसीस्टुडिओसारखा, तर ते कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसतं आणि कॉम्प्युटर मशीनला चिकटूनच ठेवावा लागतो. अशांसाठीच खोक्याचा प्रश्न खरा आहे. तर ऐका.

प्लायचं खोकं नको. पप्पांची माफी मागून सांगते. इलेक्ट्रिक पॅनलवाले जे पत्र्याचं पॅनल बनवतात ते घ्या. त्यावर आयपी नंबर असतो. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे त्रास होण्याइतकी धूळ आत जाणार नाही, ६ म्हणजे अजिबात जाणार नाही. आपल्याला ५ पुरतो. पत्रा उष्णता बाहेर सोडतो, हा त्याचा मोठा फायदा. दोन फूट बाय दोन फूट, एक फूट खोल अशा बंद पॅनलमध्ये साठ वॅटचा साधा कॉम्प्युटर चालवला, सगळ्या बाजू मोकळ्या ठेवल्या, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा साधारण आठ-दहा अंशांनी गरम होते. ते चालून जातं. पण ग्राफिक्स कार्डवाला अडीचशे वॅटचा कॉम्प्युटर त्यात कोंबलात तर तीस अंशांची वाढ. तो भाजून निघेल. म्हणून रेंडरिंगचा कॉम्प्युटर वेगळा, ऑफिसात किंवा घरी. मशीनवरचा कॉम्प्युटर साधा, कमी वॅटचा, फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी असलेला. मशीन चालवायला त्याला ताकद लागत नाही. पंखा नसलेले मिनी पीसी मिळतात, त्यांचं ॲल्युमिनियमचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. पण कार्ड बसवायची जागा बहुतेकांत नसते, ते घेण्याआधी मशीनवाल्याला विचारा.

पूर्ण बंद ठेवायचा नसेल तर युक्ती उलटी करा. पंखा हवा बाहेर फेकणारा नको, आत ढकलणारा बसवा, आणि त्याच्यासमोर फिल्टर. गाडीच्या एसीचा केबिन फिल्टर यासाठी छान बसतो आणि कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. आत दाब जरा जास्त राहतो, त्यामुळे फटीतून हवा बाहेरच जाते, धूळ आत येत नाही. फक्त फिल्टर महिन्याला काढून झटकायला पाहिजे. झटकणार नसाल तर ही युक्ती करूच नका, बुजलेला फिल्टर म्हणजे पुन्हा पप्पांची पेटी.

आणि कंप्रेसर! प्रत्येक वर्कशॉपमध्ये कंप्रेसर असतो आणि प्रत्येक वर्कशॉपमध्ये कुणीतरी हुशार असतो जो कॅबिनेट उघडून त्यात आठ बारची हवा मारतो. आमच्याकडे तो हुशार मीच होते. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, कधी तेलही येतं, ते सगळं मदरबोर्डवर उडतं. शिवाय हवेने पंखा भिंगरीसारखा फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते. साफ करायचं तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, शेडच्या बाहेर न्या, मऊ केसांच्या ब्रशने धूळ सैल करा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि छोट्या ब्लोअरने लांबून उडवा. दर तीन महिन्यांनी एकदा, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा नक्की. एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या आत करंट साठून राहतो. ते रिपेअरवाल्याचं काम. यूपीएसलाही पंखा असतो हे सगळे विसरतात. तोही भुसा खातो.

डेटाबद्दल थोडक्यात, कारण यावर वेगळा व्हिडिओ आहे. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप एका पेनड्राईव्हवर, आणि तो पेनड्राईव्ह घरी. डिझाईनचं फोल्डर क्लाऊडवर. दुकानातच दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शेडला पाणी लागलं नाही, पण गावातल्या ओळखीच्या एका दुकानदाराचं कॅबिनेट आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती, दोन्ही एकदमच बुडाली. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. सहा वर्षं. शेडमधला कुठलाही कॉम्प्युटर सहा वर्षं टिकेल यावर मी दहा रुपयेसुद्धा लावणार नाही.

आता दुसरा प्रश्न, जो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. एवढी धूळ उडतेय कशी?

कॉम्प्युटर कुठे ठेवायचा हे ठरवायला मी बॅचमध्ये एक सोपी चाचणी सांगते. काळ्या सनमायकाचे हातभर तुकडे घ्या, नमुन्याचे असतातच. जिथे जिथे कॉम्प्युटर ठेवायचा विचार आहे तिथे एकेक ठेवा. दिवसभर काम करा, रात्रभर राहू द्या, सकाळी बोट फिरवा. रेघ उठली तर ती जागा बाद. २०१८ मध्ये आम्ही हे केलं. सहा तुकडे ठेवले, ऑफिसच्या आतला एकच पास झाला, आणि कॅबिनेट आत गेलं. मला वाटलं, सुटला प्रश्न.

त्यातला एक तुकडा चुकून पप्पांच्या बसायच्या जागेजवळ राहिला होता. ते स्टुलावर बसून सँडिंग करतात. चार दिवसांनी मी तो उचलला तर त्याचा रंग काळा होता हेच कळेना. तरी मी तो पुसला आणि नमुन्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. कॉम्प्युटर सुरक्षित होता ना!

पप्पांना खोकला होता, पण तो कायमच होता. सुताराला खोकला असतोच असं आमच्या घरात धरून चाललेलं. २०२१ ला, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, खोकला म्हटलं की सगळेच घाबरायचे, तसं मी त्यांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम काय करता?" मग म्हणाले, बाकी काही नाही, पण ही धूळ बंद करा, नाहीतर दमा कायमचा घरी येईल. घरी येऊन मी वाचायला बसले. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगासाठी. एमडीएफमध्ये जो फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तोही वायू म्हणून त्याच गटात आहे. मी हे वाचलं तेव्हा शेडमध्ये पाच माणसं काम करत होती आणि भिंतीपलीकडे स्वच्छ हवेत चौतीस हजारांचा डबा बसला होता. तीन वर्षं.

डस्ट कलेक्टर त्यानंतर आला. दोन पिशव्यांचा, तीन एचपीचा. पॅनल सॉला वर आणि खाली दोन्हीकडून पाईप जोडले. सँडरला व्हॅक्यूम लावला. एन-९५ मास्क आणले, पण मास्कवर मी भरवसा ठेवत नाही; मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुणीही तो हनुवटीवर ओढतो, मीसुद्धा. संध्याकाळी झाडू मारणं बंद केलं, कारण दिवसभर खाली बसलेली धूळ झाडूने पुन्हा हवेत जाते. आता आधी पाणी शिंपडतो किंवा सरळ व्हॅक्यूम. मिस्त्री पहिले दोन आठवडे कुरकुरले, "ताई, आवाज फार येतो, रेडिओ ऐकू येत नाही." मग त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं की रात्री घरी गेल्यावर नाक शिंकरलं की आता काळं येत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणणार, सुरुवातीलाच डस्ट कलेक्टर कुठून आणू? मला कल्पना आहे. पण मी तुमचे प्रोजेक्ट रिपोर्ट बघते. त्यात 'संगणक संच व प्रिंटर' म्हणून साठ हजारांची ओळ असते. त्यातला कॉम्प्युटर वर्षभर पुढे ढकला किंवा जुना घ्या, आणि त्या पैशात सॉला पाईप जोडा. तेवढंही नसेल तर सँडिंग शेडच्या बाहेर, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. त्याला एक रुपया लागत नाही. आणि धूळ जिथे उठते तिथेच पकडली की कॉम्प्युटरचं संरक्षण फुकटात होतं. आमच्या ऑफिसातलं कॅबिनेट आता सहा महिन्यांनी उघडलं तरी ब्रशभर धूळ निघते, बस्स.

त्या मुलाने मला नंतर फोन केला. रागावला नव्हता, चहा आवडत नाही म्हणाला. त्याचा सीएनसी डीएसपीवाला आहे. म्हटलं, मग तुला खोकं नकोच. तो म्हणाला, "पण ताई, मॉनिटर तरी?" मॉनिटर ठेव म्हटलं.

पप्पांची पेटी अजून आहे. त्यात आता ड्रिलचे बिट आणि हिंजेस असतात, आणि धुळीचा कण आत जात नाही. काळ्या सनमायकाचा तुकडा मी अजूनही त्यांच्या स्टुलाजवळ ठेवते. काल सकाळी बोट फिरवलं तर हलकी रेघ उठली. सँडरच्या पाईपला सांध्यापाशी चीर गेलीय. मंगळवारी नवीन पाईप येणार आहे, तोवर त्यांना सँडिंग करायचं नाही असं सांगितलंय. ऐकतील असं वाटत नाही, म्हणून सँडरची वायर मी ऑफिसात आणून ठेवलीय, कॉम्प्युटरशेजारी.